गरम धुराला कोणतं स्टील?

एमआयडीसीतल्या बहुतेक फॅब्रिकेशन शॉपना हा प्रश्न पाठ झालेला असतो: "डक्ट एसएसमध्ये करायचं आहे, ३०४ घालू की ३१६?" विचारणारा मेंटेनन्सचा माणूस घाईत असतो. जुनं डक्ट गळायला लागलेलं, शटडाऊन तोंडावर आलेला आणि पर्चेसला दुपारपर्यंत उत्तर हवं असतं. मग एक व्यवहारी तोडगा निघतो. ३१६ महाग, म्हणजे चांगलंच असणार. बजेटमध्ये बसलं तर ते, नाहीतर ३०४. या सगळ्या बोलण्यात डक्टमधून नेमकं काय जाणार आहे, याचा विषयच निघत नाही.

३१६ मध्ये ३०४ पेक्षा वेगळं असतं ते मुख्यतः दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम. हा घटक ओल्या क्लोराइडपुढे कामाला येतो: समुद्राकाठची हवा, खारं पाणी, प्रोसेसचं मचूळ द्रावण. सातशे अंश सेल्सियसच्या कोरड्या धुरात ऑक्सिडीकरण रोखायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. स्वच्छ हवेतल्या ऑक्सिडीकरणापुरतं बोलायचं तर दोन्ही ग्रेडची मर्यादा एकच आहे. सलग तापलेलं राहणार असेल तर साधारण ९२५ अंश, आणि वारंवार तापून थंड होणार असेल तर ८७०. गरम डक्टला ३१६ घालणारा जास्तीचे पैसे भलत्याच आजाराच्या औषधावर घालवतो.

उलटा प्रकारही दिसतो. नैसर्गिक वायूवरच्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये धूर मुद्दाम ५५-५७ अंशांच्या खाली नेतात, म्हणजे त्यातली वाफ पाणी होऊन आपली उष्णता सोडते. तिथे कायमची ओल असते, पण गंधक नगण्य आणि आम्लता सौम्य. अशा जागी ३१६एल चोख काम देतं. तोच पत्रा गंधकवाल्या फर्नेस ऑइलच्या धुरात तसाच थंड ठेवला, तर त्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. ग्रेड तोच, तापमानही तेच. फरक फक्त इंधनाचा.

तेव्हा कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर काही गोष्टी लिहून काढाव्यात. इंधन कोणतं, त्यात गंधक आणि क्लोराइड किती, धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो की ज्वलन अर्धवट राहतं. वायूचं नव्हे, पत्र्याचं तापमान किती. आणि प्लँट किती वेळा थंड पडतो, थंड पडल्यावर किती दिवस तसाच राहतो. ही शेवटची ओळ बहुतेक कागदांवर नसते, आणि डक्टचं आयुष्य पुष्कळदा तीच ठरवते.

तापलेली बाजू

स्टेनलेसचं सगळं संरक्षण पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरातून येतं. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधताना क्रोमियमयुक्त पोलादाची न गंजण्याची खोड हेरली. आज किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्याशिवाय पोलादाला स्टेनलेस म्हणत नाहीत. हा थर डोळ्याला दिसत नाही इतका पातळ असतो आणि ओरखडा उठला तर आपला आपण पुन्हा धरतो. तापमान चढत गेलं की तो जाड होतो, आणि एका मर्यादेपलीकडे धातूला सोडून निघायला लागतो.

ही मर्यादा वर न्यायची तर क्रोमियम वाढवावं लागतं. ३०९ मध्ये ते २२ ते २४ टक्के असतं, ३१० मध्ये २४ ते २६. सलग चालणाऱ्या भट्टीत ३०९ साधारण १०९५ अंशांपर्यंत आणि ३१० साधारण ११५० पर्यंत टिकतं. सकाळी पेटवून संध्याकाळी बंद करायच्या भट्टीत मात्र हेच आकडे ९८० आणि १०३५ वर उतरतात. कारण साधं आहे. निकेलवालं ऑस्टेनिटिक स्टील तापल्यावर भरपूर प्रसरण पावतं, त्यावरचा ऑक्साइड तेवढा पावत नाही. थंड होताना धातू आकसतो आणि वरचा थर पापडासारखा तडकून उडतो. खालचा कोरा धातू उघडा पडतो, दुसऱ्या दिवशी नवा थर धरतो, तोही उडतो. असं करत पत्रा पातळ होत जातो.

फेरिटिक जातींचं गणित उलटं आहे. त्यांच्यात निकेल जवळजवळ नसतं आणि प्रसरण कमी असतं, त्यामुळे थर चिकटून राहतो. ४३० ची सलग मर्यादा ८१५ अंश आणि चालू-बंदची ८७०. ४४६ ची १०९५ आणि ११७५. म्हणजे रोज थंड होणाऱ्या भट्टीत, वजन पेलायचं नसेल तर, २५ टक्के क्रोमियमचं ४४६ महागड्या ३१० ला भारी पडू शकतं. मोटारींच्या सायलेन्सरमध्ये जेमतेम ११ टक्के क्रोमियमचं आणि टायटॅनियम घातलेलं ४०९ वर्षानुवर्षं वापरलं जातं, ते याच हिशेबाने. बाहेरून ते तांबूस, गंजकं दिसतं. आतून मात्र गाडीचा बराच काळ काढतं. दिसण्यावर जाणाऱ्या खरेदीदाराने ते कधीच नाकारलं असतं.

टिकणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं. अमेरिकन बॉयलर कोडच्या तक्त्यात ३०४एच या ग्रेडला सामान्य तापमानाला सुमारे १३८ मेगापास्कल ताण देता येतो. ६५० अंशांना तो ४२ च्या आसपास उरतो आणि ८१५ ला १० च्याही आत येतो. पत्रा पोपडे धरत नाही, पण स्वतःच्याच वजनाने पोटात वाकतो. डक्ट दोन आधारांच्या मध्ये झोळी घेऊन लोंबकळताना दिसलं, तर गंज शोधण्यात वेळ घालवू नये. क्रीप झालेला असतो.

इथेच 'एल' अक्षराचा सापळा आहे. ३०४एल आणि ३१६एलमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने, म्हणजे साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात, क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन कणांच्या सीमांवर कार्बाइड बनतात आणि शेजारचा भाग क्रोमियमला मुकतो, म्हणजे सेन्सिटाइज होतो. कार्बन कमी ठेवला की हे टळतं, म्हणून ओल्या कामाला एल ग्रेड योग्य. पण उच्च तापमानाला बळ देण्याचं काम कार्बनच करतो. म्हणूनच 'एच' ग्रेडमध्ये तो ०.०४ ते ०.१० टक्के मुद्दाम राखलेला असतो. "एल घ्या, तो केव्हाही वरचा" हा दुकानातला सल्ला सहाशे-सातशे अंशांच्या डक्टला लागू पडत नाही. दोन्ही हवं असेल, म्हणजे गरम काम आणि मधूनमधून ओल, तर टायटॅनियम घातलेलं ३२१ किंवा नायोबियम घातलेलं ३४७ पाहावं.

३१० बद्दलही एक सावधगिरी. साधारण ६०० ते ९०० अंशांत ते बराच काळ राहिलं, तर आत सिग्मा नावाची ठिसूळ अवस्था तयार होते. गरम असताना काही कळत नाही. शटडाऊनमध्ये थंड झालेल्या डक्टवर कोणी घण घातला की सरळ तडा जातो. अशा जुन्या पत्र्याला ठोकून सरळ करण्याचा किंवा घाईने वेल्ड मारण्याचा मोह टाळावा. २१ टक्के क्रोमियम, ११ टक्के निकेल आणि थोडं सेरियम-नायट्रोजन असलेलं २५३एमए हे ३१० च्या जवळपासचं तापमान सोसतं, त्यात निकेल निम्म्याच्या आसपास असतं आणि क्रीपला ते अधिक चिवट असतं. अडचण एवढीच की ते कोपऱ्यावरच्या स्टॉकिस्टकडे मिळत नाही.

आता पत्र्याच्या तापमानाची गोष्ट. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या रिहीटिंग फर्नेससारख्या भट्टीला रिक्युपरेटर असतो: नळ्यांच्या एका अंगाने भट्टीतून निघालेला आठ-नऊशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या अंगाने बर्नरकडे जाणारी थंड हवा. हवा नळीला थंड ठेवते, म्हणून नळीचं तापमान धुराच्या बरंच खाली राहतं. डिझाइन याच भरवशावर केलेलं असतं. वीज गेली की ब्लोअर थांबतो. भट्टी मात्र तापलेलीच असते आणि चिमणी आपल्या ओढीने धूर खेचतच राहते. थोड्याच वेळात नळ्या धुराच्या तापमानाला पोचतात. वर्षभरात झालं नसेल एवढं नुकसान अशा काही ट्रिपिंगमध्ये होतं, आणि दोष पत्र्याला दिला जातो. इथे ३०४ च्या जागी ३१० घालणं हा अर्धाच उपाय. ब्लोअर जनरेटरवर घेणं, किंवा धुरात गार हवा मिसळणारा डॅम्पर वीज जाताच आपोआप उघडेल असं करणं, हा खरा बंदोबस्त. शिवाय सगळ्या नळ्या एकाच ग्रेडच्या हव्यात असं नाही. धुराच्या तोंडाशी असलेल्या ओळी ३१० च्या आणि पुढच्या स्वस्त ग्रेडच्या, अशी वाटणी जाणकार करतात.

प्रसरणाचा हिशेब तर कोणालाही कागदावर करता येतो. दहा मीटर लांबीचं डक्ट ३० अंशांवरून ४३० वर गेलं, तर माइल्ड स्टीलचं सुमारे ५० मिलिमीटर वाढतं आणि ३०४ चं सुमारे ७०. जुनं एमएस डक्ट काढून त्याच आधारांवर, त्याच एक्सपान्शन जॉइंटसह ३०४ बसवलं, की हे वरचे २० मिलिमीटर कुठेतरी जागा शोधतात. बहुधा पहिल्याच कोपऱ्यातल्या वेल्डमध्ये.

धुरातले उपद्रवी

स्वच्छ हवेचे आकडे हे कमाल आकडे समजावेत. धुरात गंधक, व्हॅनेडियम किंवा पोटॅश आलं की ते खाली येतात. कधी शंभर अंशांनी, कधी त्याहून जास्त.

गंधकाची दोन रूपं आहेत. ज्वलन पूर्ण झालं आणि ऑक्सिजन शिल्लक राहिला, तर गंधक सल्फर डायऑक्साइड होतो. त्याला स्टेनलेस बऱ्यापैकी तोंड देतं. हवा कमी पडली की हायड्रोजन सल्फाइडसारखी रूपं तयार होतात. तिथे निकेल हाच कच्चा दुवा ठरतो, कारण निकेल आणि त्याचा सल्फाइड यांचं मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळतं. निकेल जेवढं जास्त, तेवढा धोका मोठा. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात कुपोला चालवणाऱ्यांना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे: कुपोलाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि कोकमधलं गंधकही. ज्या भागात हा वायू जळण्याआधी धातूला भिडतो, तिथे ३१० ऐवजी जास्त क्रोमियमचं फेरिटिक स्टील शहाणपणाचं.

फर्नेस ऑइलमध्ये गंधकाच्या जोडीला व्हॅनेडियम आणि सोडियम येतात. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ६९० अंशांच्या आसपास वितळतो. सोडियमशी जमलं की मिश्रण सहाशेच्याही आतबाहेर पातळ होतं. हा रस नळीवर, हँगरवर, बर्नरच्या तोंडावर पसरतो आणि क्रोमियम ऑक्साइडचा थर विरघळवतो. यापुढे कुठलंच नेहमीचं स्टेनलेस फार काळ टिकत नाही. निम्मं क्रोमियम आणि निम्मं निकेल असलेले ओतीव मिश्रधातू यासाठीच निघाले. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे जादा हवा आवरती घेणं, कारण पेंटॉक्साइड बनायला ऑक्सिजन लागतो, आणि राखेचा वितळबिंदू वाढवणारं मॅग्नेशियमयुक्त ॲडिटिव्ह वापरणं.

महाराष्ट्रात मात्र गेल्या काही वर्षांत खरी डोकेदुखी झाली आहे ती पोटॅशची. डिस्टिलरीचं सांडपाणी बाहेर सोडायचं नाही, या अटीमुळे अनेक कारखान्यांनी स्पेंट वॉश आटवून तो बगॅस किंवा कोळशाबरोबर जाळणारे बॉयलर बसवले. मळी उसाची, आणि उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश शेवटी इथे येऊन साठतं. राखेत ते इतकं असतं की तिचं खत होतं. बॉयलरच्या नळ्यांना मात्र हे खत मानवत नाही. पोटॅशियम क्लोराइड, वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आले की सहाशे अंशांच्या आसपास ते क्रोमियमच्या थरालाच पोटॅशियम क्रोमेटमध्ये बदलून टाकतात. संरक्षणाचं भांडवलच संपतं. त्यात लोखंडाच्या क्लोराइडशी त्याचं मिश्रण चारशे अंशांच्याही खाली वितळू शकतं. म्हणजे हवेत ९२५ अंश सोसणारं ३०४ इथे सहाशेलाच हात टेकतं.

अशा बॉयलरमध्ये ग्रेड चढवत नेण्यापेक्षा धातू थंड ठेवण्यावर भर असतो. वाफेचं तापमान माफक ठेवतात. भट्टीनंतर रिकामे पास देतात, म्हणजे राख चिकट राहणार नाही इतका धूर निवल्यावरच तो सुपरहीटरला भिडतो. सूट ब्लोइंग आणि ठोकणी नेमाने चालवतात. एखाद्या सप्लायरने "आम्ही सगळं ३१० मध्ये देतो, काळजी नको" म्हटलं, तर त्याला नळीच्या धातूचं तापमान विचारावं. उत्तर आलं नाही तर त्या ३१० ला फारसा अर्थ नाही.

थंड टोक

आता धुराच्या शेवटच्या टप्प्याकडे, म्हणजे एअर प्रीहीटर, आयडी फॅन आणि चिमणीकडे. इथे धूर दीड-दोनशे अंशांवर आलेला असतो, म्हणून सगळे निर्धास्त होतात.

इंधनातल्या गंधकाचा बहुतेक भाग सल्फर डायऑक्साइड होतो, पण त्यातला एक ते पाच टक्के पुढे जाऊन ट्रायऑक्साइड बनतो. तो वाफेशी मिळून सल्फ्युरिक ॲसिड होतो. पाणी शंभराच्या खूप खाली थेंब धरेल, हे ॲसिड मात्र साधारण १२० ते १५० अंशांनाच दवासारखं पत्र्यावर उतरतं. सुरुवातीला उतरणारं ॲसिड सत्तर-ऐंशी टक्के तीव्रतेचं असतं. या गरम, मध्यम-तीव्र ॲसिडमध्ये माइल्ड स्टील झिजतं, ३०४ झिजतं, ३१६ देखील झिजतं. सर्वांत जास्त झीज दवबिंदूच्या वीस ते पन्नास अंश खाली होते, म्हणजे नेमकं जिथे ऊर्जाबचतीच्या नावाखाली धुराचं तापमान नेऊन ठेवलेलं असतं.

सीझन आटोपल्यावर आयडी फॅनच्या आधीच्या डक्टचं मॅनहोल उघडून आत टॉर्च मारला की गोष्टी स्पष्ट होतात. मधला पत्रा बहुधा ठीक असतो. खराबी असते ती फ्लॅन्जच्या मागे, बाहेरून लावलेल्या अँगलच्या ओळीवर, सपोर्टच्या पायाशी, मॅनहोलच्या झाकणावर. या जागी इन्सुलेशन तुटलेलं असतं आणि बाहेरचं लोखंड आतली उष्णता ओढून नेत असतं. तिथे पत्रा शेजारपेक्षा चाळीस-पन्नास अंश थंड पडतो आणि ॲसिड तिथेच उतरतं. राखेचा ओलसर, हिरवट-तपकिरी थर खरवडला की खाली खड्डे दिसतात. त्या राखेचा चमचाभर नमुना डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पीएच पेपर बुडवावा. कागद लालभडक झाला तर ॲसिड उतरत होतं हे नक्की. त्याच पाण्याच्या गाळलेल्या भागात थोडं नायट्रिक ॲसिड घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइडही आहे. ही साधी तपासणी ग्रेडच्या निवडीला जेवढी उपयोगी पडते तेवढं क्वचितच कुठलं ब्रोशर पडतं.

गंधकवाल्या धुराच्या डक्टचा सर्वांत चांगला धातू पुष्कळदा साधं माइल्ड स्टील असतो, अट एवढीच की त्याला दवबिंदूच्या वर पंधरा-वीस अंश राखायचं. त्यासाठी इन्सुलेशन जाड हवं, फ्लॅन्ज आणि स्टिफनरही त्याखाली झाकलेले हवेत, आणि गार हवेची गळती बंद हवी. हे जमत असेल तर स्टेनलेसचा खर्च करू नये. मधूनमधून ॲसिड उतरणारच असेल तर तांबं आणि अँटिमनी अल्प प्रमाणात घातलेली खास पोलादं मिळतात. जपानच्या निप्पॉन स्टीलचं एस-टेन हे त्यातलं जुनं नाव. आणि ओल कायमचीच असेल, वर क्लोराइडही असेल, तर मग ९०४एल, सहा टक्के मॉलिब्डेनमचे ग्रेड किंवा सी-२७६ सारखे निकेल मिश्रधातू, अशी शिडी चढावी लागते. वीज केंद्रांच्या गंधकनिवारण संयंत्रांत जाड पत्र्यावर सी-२७६ चं पातळ अस्तर देतात ते यामुळेच. २२०५ डुप्लेक्सही ओल्या कामाला उत्तम, पण ते तीनशे अंशांच्या वर नेऊ नये. ४७५ च्या आसपास ते ठिसूळ होतं. बायपासमधून गरम धूर स्क्रबरवर येण्याची शक्यता असेल तर हे आधीच विचारून ठेवावं.

एक फसवी रचना म्हणजे आतून रिफ्रॅक्टरी दिलेलं डक्ट. आत नऊशे अंश आणि बाहेरचा पत्रा अवघा सत्तर-ऐंशी. सुरक्षित वाटतं, पण रिफ्रॅक्टरीच्या भेगांतून धूर पत्र्यापर्यंत पोचतो आणि तिथे ॲसिड होतो. पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो. अशा डक्टला बाहेरून आणखी इन्सुलेशन चढवायचं तर पत्रा दवबिंदूच्या वर जाईल इतकंच, आणि आतले अँकर किती तापतील हे पुन्हा मोजून.

बगॅसच्या धुरात गंधक नावालाच असतं. पण बगॅसमध्ये निम्मं पाणी असल्याने धुराला पाण्याचा दवबिंदूच ६० अंशांच्या आसपास मिळतो. ओल्या स्क्रबरमध्ये तेच पाणी फिरवत राहिलं की क्लोराइड साठत जातं आणि ३०४ च्या वेल्डशेजारी ठिपके दिसू लागतात. त्याहून वाईट काळ म्हणजे पावसाळा. गाळप उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं, पोटॅशची राख डक्टमध्ये तशीच पडून राहते, आणि जूनपासून हवेतली ओल शोषून चिखल होते. चालू हंगामात न पडलेली भोकं बंद काळात पडतात. बॉयलर थंड होताच राख काढावी, सोडा ॲशच्या सौम्य द्रावणाने धुवावं, कोरडं करावं. गंधकाचा संबंध येतो तिथे रिफायनऱ्याही स्टेनलेसची उपकरणं उघडण्याआधी सोडा ॲशनेच धुतात, कारण सल्फाइडचा थर, हवा आणि पाणी मिळून होणारं ॲसिड सेन्सिटाइज झालेल्या वेल्डला तडे देतं.

पत्रा खरंच तोच आहे का

निकेल महाग आहे आणि त्याचा भाव लहरी आहे. मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर तो काही वेळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि एक्स्चेंजला व्यवहार थांबवावे लागले. असा भाव असला की मँगनीजवर भागवलेला २०० सीरिजचा पत्रा ३०४ म्हणून खपवण्याचा मोह काहींना होतो. दोन्ही चकचकीत, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. उलट ४०९ आणि ४४६ ला चुंबक चिकटतो आणि ते अस्सल स्टेनलेस असतात. त्यामुळे खिशातल्या चुंबकाने फारसं ठरत नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट घ्यावं, त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबरशी ताडावा आणि पीएमआय गनने क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, मँगनीज पाहावं. नेहमीच्या एक्स-रे गनला कार्बन दिसत नाही, तेव्हा एल की एच हे ठरवायचं तर स्पार्क टेस्ट किंवा लॅबच गाठावी लागते.

वेल्डिंगच्या रॉडबद्दल थोडक्यात. ३०४एलला ३०८एल, ३१६एलला ३१६एल, ३२१ ला ३४७, कारण टायटॅनियम आर्कमध्ये जळून जातं. एमएसला एसएस जोडायचं तर ३०९एल. एमएसवर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडिंग चाक एसएसवर आणू नये. लोखंडाचे कण रुततात आणि गंज तिथून सुरू होतो.

आणि गॅल्वनाइज्ड क्लॅम्प, जाळी, तार गरम स्टेनलेसपासून लांब ठेवावी. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि तापलेल्या ऑस्टेनिटिक स्टीलच्या कणसीमांत शिरून त्याला फोडतं. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मेले. त्याच्या चौकशीत आठ इंची स्टेनलेस पाइपला गेलेल्या तड्याबाबत जस्ताच्या या खोडीची कसून तपासणी झाली होती.

इतकं सगळं पाहूनही दोन ग्रेडमध्ये ठरत नसेल, तर एक हंगाम थांबून कूपन लावावेत. १०० बाय ५० मिलिमीटरचे तुकडे कापावेत: एमएस, ३०४, ३१६एल, आणि मनात असलेला महाग ग्रेड. नंबर पंचने ठोकावेत, रंगाने लिहू नयेत. वजन मिलिग्रॅमपर्यंत घ्यावं. सिरॅमिक वॉशर घालून ते बोल्टने डक्टमध्ये लावावेत, म्हणजे एका धातूचा दुसऱ्याशी संबंध येणार नाही. एक जोड गरम तोंडाशी, एक आयडी फॅनआधीच्या थंड कोपऱ्यात. हंगाम संपला की साफ करून पुन्हा वजन करावं. दोन्ही बाजू मिळून शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा १२० दिवसांत ७.९ ग्रॅमने घटला, तर जाडी सरासरी ०.१ मिलिमीटर गेली; वर्षाच्या हिशेबाने ०.३. तीन मिलिमीटरच्या एमएस पत्र्याला हा आकडा थेट लावता येतो. स्टेनलेसच्या तुकड्याचं मात्र वजन जेमतेम कमी झालेलं असतं आणि वॉशरखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा अर्ध्या जाडीपर्यंत गेलेला असतो. तेव्हा त्याच्या रकान्यात ग्रॅमऐवजी सर्वांत खोल खड्ड्याची खोली लिहायची.